कुलूप लावलेल्या घरातली चूल

अण्णा, परवा तुमची सही पाहिली. उजवीकडून डावीकडे गेलेली, शेवटी शेपटीसारखी वर वळलेली उर्दू सही. तालुक्याच्या कचेरीत, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात ती इतकी वर्षं जशीच्या तशी राहिली आहे. शाईसुद्धा फारशी उतरलेली नाही.

तुमची सगळी शाळा निजामाच्या राज्यात झालेली. मराठी वाचायचात, पण लिहायला बसलात की वीतभर मजकुराला अर्धी सकाळ जायची. म्हणून पोलीस पाटील तुम्ही आणि लिहिणार मी. कुणाचा बैल सुटला, कुणाला सापाचं पान लागलं, सगळ्या वर्द्या माझ्या हातच्या. पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन घेऊन परत येताना परभणीत तुम्ही मला शाईचा पेन घेऊन दिलात आणि दुकानदाराला म्हणालात, "चांगला दाखवा. पाटलाचा कारकून हाय ही." त्या दिवशी घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

त्याच हिवाळ्यात मावशी नेहमीसारखी उसाला गेली. आपल्याकडं निवडण-टिपण करायला येणारी, वस्तीतली मावशी. जाताना ती घराची किल्ली आपल्या ओट्याच्या कडेला ठेवायची, आई किल्लीवर पाणी शिंपडून ती खुंटीला अडकवायची. दरवर्षीची रीत. त्या वर्षी तिचा थोरला मुलगा उसाला न जाता विद्यापीठाच्या नावासाठी निघालेल्या मोर्चात गेला होता आणि गावाला ते खुपत होतं. एका दुपारी आम्हाला शाळेच्या मैदानातून धूर दिसला. मावशीचं घर जळत होतं. ते कुणी पेटवलं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातले जमादार आले. आपल्या ओसरीवर बसले, दोन कप चहा प्याले. वस्तीकडं त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. मी पाटावर बसून लिहिते आहे, ते सांगताहेत, "समक्ष जागेवर जाऊन पाहिले असता, घरातील चुलीच्या विस्तवाची ठिणगी उडून..." माझा हात थांबला. किल्ली समोरच लोंबत होती. "अण्णा, त्या घराला तर कुलूप हाय. ती बगा किल्ली." जमादार पोट हलवून हसले. "पाटील, लेक वकील व्हनार बरं का तुमची!" तुम्ही हसला नाहीत. "सांगितलं तेवढं लिव," म्हणालात. त्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. मी लिहिलं. नव्या पेनानं, वळणदार, कुठं खाडाखोड नाही. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आईनं ताट झाकून ठेवलं. पुढं कितीतरी वर्षं ते झाकलेलं ताट मी तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून मनात जपलं. आता वाटतं, एक वेळ उपाशी राहणं फार सोपं असतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मावशी परतली. ट्रकमधून उतरून थेट आपल्याकडं आली, ओट्याखाली उभी राहिली. "अक्का, किल्ली द्या." आणि आईनं किल्ली दिली. ज्याला ती लावायची ते दार उरलेलं नाही, हे आपल्या घरातलं कुणीच बोललं नाही. तुम्ही आत होतात. मी दाराआड होते.

आता ती पार वाकली आहे. घरकुल मागायला गेली तर ग्रामपंचायत म्हणते, ती जागा मुळातच पडीक, तिथं कधी घर नव्हतं. "पाटलांनी धाडलेला कागद हाय की कचेरीत," ती मला म्हणाली. "त्यो निघाला की झालं. पाटील खोटं धाडनार न्हाईत. ताई, त्यो कागद हुडकत लय वर्सं हिंडायलेय मी." मग मीही तिच्याबरोबर हिंडले. साहेब मीटिंगला. कपाटाची किल्ली ज्याच्याकडं तो रजेवर. तो आला तर नकलेचा अर्जच हरवलेला. भिंतीवर नागरिकांच्या हक्कांचा मोठा फलक आहे, त्याच्या खिळ्याला कारकून जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवतो. कोपऱ्यात तंबाखूच्या पिचकाऱ्या, आणि त्यांच्याच शेजारी ही म्हातारी दिवसभर उकिडवी. तिला कुणी बस म्हणत नाही, जा म्हणत नाही. मला किळस आली अण्णा. अंगावरचे कपडे धुवून काढावेत अशी किळस. मी टेबलावर हात आपटला, "तिचा हक्क आहे तो, भीक मागायला आलेली नाही ती!" आणि मनात त्याच क्षणी म्हणत होते, वाळवी लागलेली असू दे, देवा. नेमका तेवढा गठ्ठा खाल्लेला असू दे.

कचेरीनं एवढ्या वर्षांत एक काम चोख केलं. कागद निघाला.

कारकुनानं तो मोठ्यानं वाचला. "मावशे, तुमच्याच चुलीनं घर जळालं म्हन की. मग आता कुनावर बोंबलता?"

"आमी तर उसाला होतो, बाबा. कुलपातली चूल पेटवली कोन?"

"ते मला नका इचारू. कागदात हाय ते वाचलं. खाली पाटलाची सही हाय."

मावशीनं कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला. तिला वाचता येत नाही. ओळींवरून बोट फिरवत राहिली आणि मग तिचा चेहरा चक्क निवळला. "हे पाटलांचं न्हाईच. त्यांना मराठी कुठं लिवता यायचं? कुन्या भाड्यानं लिवून त्यांची फकस्त सही घेतली." तिनं कागद माझ्यापुढं केला. "अक्षर बगा तरी, ताई. मोत्याच्या लडी. कुनाचं आसंल ओ?"

"ओळखू येत नाही," मी म्हणाले.

काल तिच्यासाठी जबाब लिहायला बसले होते, किल्लीपासून सगळा. झालं ते हे पत्र. तुम्हाला लिहायला काय लागतं, तुम्ही थोडेच वाचायला उरला आहात. जबाबाचा कागद अजून कोरा आहे. आणि अण्णा, त्या दिवशी कचेरीच्या पायरीवर तिनं माझ्याकडून नवा अर्ज लिहून घेतला, घर होतं हे तर कागदातच निघालं, आता ते जाळलं कुणी याची पुन्हा चौकशी करा म्हणून. तो मी मुद्दाम वेडंवाकडं अक्षर काढून लिहिला.