धाकटीचा अक्रोडांचा डबा

३ नोव्हेंबर

पार्सल आलं. माझं नाही.

धाकट्या जावेचं. तिने दारातच सही केली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून कात्रीने चिकटपट्टी कापली. आत निळा पत्र्याचा डबा, डब्यात अक्रोड आणि बदाम, वर तिच्या मुलाची चिठ्ठी – "आई, रोज संध्याकाळी मूठभर. झोप चांगली लागेल."

झोप! धाकटीला! उशीला डोकं टेकायच्या आधी जी घोरायला लागते तिला झोपेचा उपाय. आणि शेजारच्या पलंगावर मी, एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात रात्रपाळी केलेली, पहाटेपर्यंत छताकडे बघत पडते – माझं नाव त्या खोक्यावर कुठेच नाही. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

"वास किती छान येतोय ना ताई," म्हणाली.

मी म्हटलं, "मला सर्दी आहे."

४ नोव्हेंबर

काल रागात नीट लिहिलं नाही. मुळात ही अक्रोडांची गोष्ट माझी. गेल्या महिन्यात मी दवाखान्यात झोपेच्या गोळ्या मागायला गेले होते. धाकटी माझी फाइल धरून सोबत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी लगेच नको. या वयात काही जणांना संध्याकाळी मूठभर अक्रोड-बदामांनी फरक पडतो. बिनमिठाचे, न तळलेले. महिनाभर खाऊन बघा, मग गोळीचं ठरवू." मी म्हटलं, हे श्रीमंतांचे चोचले. विषय मिटवला.

धाकटीने तेव्हा ऐकून घेतलं आणि घरी येऊन मुलाला फोन लावला असणार – मला झोप नाही रे, असं आवाज बारीक करून. माझा आजार उचलला तिने. उपायासकट!

६ नोव्हेंबर

डबा फडताळात ठेवला असता तर काय बिघडलं असतं? नाही. खिडकीपाशी, शिलाई मशीनच्या बाजूला, बरोब्बर माझ्या खुर्चीसमोर. येता-जाता डोळ्यात खुपतो. संध्याकाळी झाकण उघडते, वाटीत सहा बदाम, तीन अक्रोड घेते आणि "मी जरा गॅलरीत बसते" म्हणून निघून जाते. माझ्यासमोर खायला काय होतं?

"तुम्ही घेता का?" एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं.

९ नोव्हेंबर

मी – तीन तास. धाकटी – साडेआठ. घड्याळ लावून पाहिलं. कवळी पेल्यात टाकते, कूस बदलते, की ढाराढूर. माझ्या डोळ्यांदेखत!

१० नोव्हेंबर

त्या मुलाला दिवसा कुणी सांभाळलं? धाकटी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला. दोघींचे नवरे आपापल्या कामावर. मी सकाळी सातला रात्रपाळीवरून यायची तो हा बूट हातात घेऊन दारात उभा. शाळेत सोडा, आणा, पाढे घ्या, ताप आला की मांडीवर घेऊन बसा. झोपायचं कधी? तो दुपारी झोपला तर तासभर. मोठी आई म्हणायचा मला, अजून म्हणतो. माझी झोप त्याने खाल्ली आणि बदाम जन्मदात्रीला.

पोटात दुखतंय माझ्या. मान्य. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते – मला धाकटीचा हेवा वाटतो. झोपेचा, मुलाचा, डब्याचा. कशाचा जास्त ते मला सांगता येणार नाही.

११ नोव्हेंबर

खरं लिहायचं तर हेही लिहायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्याने मला लोकरीचं पांघरूण पाठवलं होतं. मी परत पाठवलं. "मला कुणाचं दान नको," असं फोनवर सुनावलंही. हे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि जो येईल तो माझी कीव करत होता. त्यानंतर त्याने मला काही पाठवलं नाही. एकदा नाही म्हटलं तर माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही का?

१३ नोव्हेंबर

ज्येष्ठांच्या निवासाचा अर्ज घेऊन आले. दोन बस बदलून जावं लागतं. प्रत्येकीला वेगळी खोली, खिडकी, एक कपाट. शेजारच्या पलंगावर कुणी घोरणार नाही, कुणाची पार्सलं येणार नाहीत. महिनाअखेरच्या आत द्यायचा आहे. नाव लिहिलं, वय एकाहत्तर लिहिलं, पूर्वीची नोकरी लिहिली. "जवळचे नातेवाईक" या रकान्यापाशी पेन अडलं. तो तसाच ठेवला.

धाकटीला बोलले नाही. ती फक्त "बरं" म्हणेल. ते "बरं" मला ऐकायचं नाही.

१५ नोव्हेंबर

खाल्ले.

धाकटी कुणाचे तरी शिवलेले पडदे द्यायला गेली होती. तीन अक्रोड, सहा बदाम, उभ्या उभ्या, दाराकडे कान ठेवून. अक्रोडाची साल जरा कडसर लागते. आधी डबा मोजून ठेवला, म्हणजे ती मोजत असेल तर मला आकडा ठाऊक असावा. या वयात चोरी करायला शिकले!

१६ नोव्हेंबर

काही फरक नाही. पुन्हा खाल्ले.

१८ नोव्हेंबर

धाकटीला हल्ली रोज साडेपाचला बाहेर काम निघतं. दोऱ्याचं रीळ, बटणं, कुणाचं माप. बरंच आहे.

२० नोव्हेंबर

काल रात्री जिन्यातल्या घड्याळाचा एकचा ठोका ऐकला. दोनचा नाही ऐकला. तीनचाही नाही. योगायोग असेल.

२२ नोव्हेंबर

डबा पुन्हा मोजला. एक्स्चेंजात दर तासाला कॉल मोजून लिहावे लागायचे, ती सवय गेली नाही. मी जेवढे घेतले बरोब्बर तेवढेच कमी. मग तिचे? ती तर रोज वाटी भरून गॅलरीत नेते.

आज न्हाणीघराच्या दाराआडून पाहिलं. गॅलरीतून आली आणि वाटी तशीच्या तशी डब्यात ओतली! म्हणजे साठवतेय. मुलगा येईल तेव्हा, बघ तुझं कसं जपून ठेवलंय, असं दाखवायला. मिळालेलंही जिला खाववत नाही तिला मिळतं, आणि मी चोरून खाते. अंगाचा असा तिळपापड झाला की ती गेल्यावर चार अक्रोड जास्तीचे खाल्ले.

२५ नोव्हेंबर

पाच तास. सलग.

चहा देताना धाकटी म्हणाली, "ताई, आज उठायला उशीर झाला तुम्हाला."

"नुसती डोळे मिटून पडले होते."

ती कपाकडे बघून हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात? सकाळी अंग हलकं होतं, मोलकरणीवर ओरडायचंही राहून गेलं. पण तिच्यापाशी कबूल करायचं म्हणजे डब्याचं कबूल करायचं.

२७ नोव्हेंबर

डबा काठोकाठ भरलेला. दुसरं पार्सल कधी आलं ते मला कळलंसुद्धा नाही. लेकाचं प्रेम नुसतं उतू चाललंय! माझा अर्ज पूर्ण झालाय, तो एक रकाना सोडून. परवा नेऊन देते.

२९ नोव्हेंबर

अर्ज पिशवीत घातला, चपला घातल्या, निघता निघता म्हटलं दोन अक्रोड खाऊन जावं. पुन्हा मिळायचे नाहीत. धाकटी नेहमीसारखी बाहेर. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा.

"मोठी आई, काय खातेस?"

गिळला. "काही नाही."

तो हसायला लागला. "खा गं. पाच-सहा तास झोपतेस म्हणे आता?"

"कुणी सांगितलं?"

"आईने. रोज सकाळी मला कळवते, ताई आज इतक्या वाजता उठल्या म्हणून."

मी डब्याचं झाकण लावलं. मग त्याचा आवाज उतरला. "सांगतो, पण तिला कळू देऊ नकोस. डबा तुझाच आहे. मी तुझ्याच नावाने पाठवणार होतो. आई म्हणाली, 'वेडा आहेस का, परत येईल. माझ्या नावाने पाठव. त्यांना दिलेलं चालत नाही. माझं आहे म्हटलं की बरोबर हात घालतील.' आणि तिला स्वतःला त्या कवळीने अक्रोड फुटतो तरी का?"

कवळी. रोज सकाळी बेसिनपाशी पेल्यात मी ती बघते. सव्वीस दिवस एकदाही डोक्यात आलं नाही.

फोन ठेवून चपलांसकट खुर्चीत बसून राहिले. रडले. किती ओळखते ती मला, आणि मी तिच्या झोपेचे तास मोजत बसले.

बस चुकली.

३० नोव्हेंबर

अर्जाच्या रिकाम्या रकान्यात धाकटीचं नाव लिहिलं. मग अर्ज डब्याच्या मापाने कापून तळाशी घातला. अक्रोडांना तेल सुटतं, पत्र्याला लागायला नको.

दुपारी मूठभर बदाम खलबत्त्यात अगदी पीठ होईस्तोवर कुटले, वाटीत साखर घालून मशीनपाशी ठेवले. "हे माझे आहेत," तिला बजावलं. "हात लावायचा नाही."

"बरं," म्हणाली.

साडेपाचला मीच बाहेर पडले. उगीचच कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. परत आले तर वाटी रिकामी होती.