चार बोटं समुद्र

दि. ३ मार्च

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले आणि मी आज लिहायला बसलोय, राग धरू नकोस. आजारी नव्हतो. तीनदा कागद घेतला आणि तीनदा घडी घालून गादीखाली सारला. तुझी आजी म्हणाली, हा माणूस नातीला पत्र लिहितोय की मृत्युपत्र.

तू लिहिलंस, बंदरापासून पर्वताच्या पायथ्यापर्यंत दुर्बीण लावत, काठी पुढे सरकवत तुम्ही सहा महिने उंची मोजत गेलात, आणि तुझे आकडे जुन्या आकड्यांशी जुळत नाहीत, चार बोटांचा फरक येतो. साहेबांच्या मते चूक तुझीच. कारण सापडलं नाही, तर शिखरावर जाणाऱ्या तुकडीतून तुझं नाव काढून तुला पुन्हा बंदरापासून मोजायला धाडणार. टिल्लू, ती चार बोटं तुझी नाहीत. माझी आहेत.

बंदरावर मी पट्टी वाचायचो, हे तुला ठाऊक आहे. धक्क्याच्या भिंतीला आकडे घातलेली लाकडी पट्टी होती. पाणी कुठवर आलं ते दर तासाला वहीत लिहायचं. आम्ही तिघे पाळीपाळीने लिहीत होतो. वर्षभराच्या त्या आकड्यांची सरासरी काढून समुद्राचं शून्य ठरलं आणि त्या शून्यावरून देशातल्या सगळ्या डोंगरांची उंची. पण मोजणीवाले पट्टी नेमक्या जागी बसवून गेले आणि चौथ्याच दिवशी, माझ्या पाळीत, वाळूची होडी तिच्यावर आदळली. पट्टी निखळून हातात आली. नोकरी कच्ची, तुझा बाप पाळण्यात. बोललो असतो तर घरी बसवलं असतं. शेवाळाच्या रेघेवरून अंदाज घेतला आणि पट्टी परत ठोकली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला नीट पाहिलं, तर जुनी भोकं नव्या खिळ्यांच्या चार बोटं वर. तोवर वहीत दिवसभराचे आकडे भरले होते. तोंड शिवून बसलो.

पट्टी खाली गेली की तिच्यावर पाणी वर दिसणार, म्हणजे जमीन तेवढी बुटकी. अख्खा देश मी पन्नास वर्षं चार बोटं पाण्यात दाबून ठेवलाय. आणि भिंत पायाशी चार बोटं चुकली तर माथ्याशी हातभर चुकते, हे कुठलाही गवंडी सांगेल. मग शिखराशी काय झालं असेल, या विचाराने जेवण जात नाही.

हे पत्र साहेबांना दाखव. मला काय करायचं ते करू देत. आजीला यातलं काही ठाऊक नाही, तिला तू लिहू नकोस. या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
आजोबा

दि. ११ मार्च

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुर्बिणीच्या पेटीवर बसून वाचलं. आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. काठी धरणारे काका विचारत होते की घरी लग्न ठरलंय की कोणी गेलंय.

आजोबा, तुमचा गवंडी इथे चुकला. भिंत कललेली नाही. जिन्याची खालची पायरी चार बोटं उंच केली आणि बाकीच्या होत्या तशाच ठेवल्या, तर वरचा मजलाही चारच बोटं वर जातो. समुद्राजवळच्या सपाटीवर चाळीस किलोमीटर चाललो तरी जमीन एक घर उंच होत नाही, तिथे फरक चार बोटं. घाटाच्या वळणांवर कान बंद होतात, तिथेही चार. वरच्या पठारावर पाणी लवकर उकळतं पण बटाटे शिजता शिजत नाहीत, तिथेही चारच. माझी चूक असती तर वाटेत वाढली किंवा घटली असती. साहेबांना मी हेच सांगत होते. ते म्हणाले, कारण आण. मध्ये एकदा त्यांनी समुद्रावरही संशय घेतला.

तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे म्हणाले. पण आजोबांनी नातीसाठी लिहिलेलं पत्र कचेरीत कोण मानणार? म्हणून बंदरावरचा इंजिनिअर ती भोकं बघायला येणार आहे. तुकडी अठ्ठावीसला निघते. त्याच्या आत भोकं सापडली तर मी वर, नाहीतर मी खाली. ओहोटीची वेळ तुम्हीच सांगा, पण पायऱ्यांवर एकटे उतरू नका.

आणखी एक. मधल्या खोलगट भागात समुद्रापेक्षा तीन बोटं खाली असलेलं स्टेशन आहे. तिथल्या चहावाल्याने 'समुद्राच्या पोटातला चहा' अशी पाटी लावलीय. तो आता एक बोट वर येणार. त्याला कोण सांगणार, यावर आमच्यात चिठ्ठ्या टाकायचं चाललंय.

आजीला नमस्कार. रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची
टिल्लू

दि. २२ मार्च

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इंजिनिअर काल आला. पोरगेलासा, पायात चकचकीत बूट, शेवाळावर दोनदा बसला. एकटा उतरू नकोस म्हणालीस म्हणून आजीला न्यावं लागलं, आणि न्यायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की पन्नास वर्षं एका ताटात जेवलो आणि हे मला आज कळतंय का. त्यानंतर दोन दिवस मिठापुरतीच बोलली.

धक्क्यावर अर्धा तास खरवडलं, भोकं सापडेनात. पाणी चढायला लागलं. मला वाटलं, मी हे सगळं मनानेच रचलं की काय? इंजिनिअर घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात आजी खाली उतरली. हा माणूस चष्मासुद्धा ठेवल्या जागेच्या हातभर डावीकडे शोधतो, असं त्या पोराला सांगून तिने उजवीकडे उलथनं चालवलं. उलथनं तिने पिशवीत कधी घातलं होतं देव जाणे. शिंपल्यांखाली दोन भोकं निघाली आणि त्यांच्या खाली माझ्या खिळ्यांची गंजकी बुडं. इंजिनिअरने मापलं, साहेबांनी कळवलेल्या तुझ्या वहीतल्या आकड्याशी ताडलं. केसाचाही फरक नाही.

मला शिक्षा काय, ते विचारलं. तो म्हणाला, वर्षाअखेरीस मोजणीवाल्यांनी येऊन पट्टी पुन्हा तपासायची असते. ते आलेच नाहीत. तेव्हा आजोबा, चूक वाटून घ्या. तिथूनच त्याने तुझ्या साहेबांना फोन केला. तुझं नाव तुकडीत राहिलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. घरी येताना आजी बोलायला लागली, ती अजून थांबलेली नाही. भाजीवालीला सांगून झालं की आमच्या ह्यांनी देश चार बोटं वर काढला. बुडवला कोणी, ते सांगत नाही.

आता वर जपून जा. मोजे दोन घाल. आणि टिल्लू, तिथे काठी घसरली, आकडा चुकला, तर त्याच घटकेला सांग. ओरडतील, ओरडू देत. ते लवकर संपतं. न बोललेलं संपत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आमचा जीव तुझ्यावर आहे, तुझाही आमच्यावर राहू दे. पोचलीस की दोन ओळी लगेच टाक. शिखर किती उंच निघालं ते नंतर कळवलंस तरी चालेल. हातपाय धड आहेत, एवढंच आधी लिही.

तुझा
आजोबा