तिकडं तोंड करा

आण्णा, तुमच्या दोन्ही नातवंडांना काल उंब्रजला आपल्या विहिरीवर पोहायला नेलं होतं. थोरली जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, म्हणून आधी ती दोघं कशी आहेत ते सांगतो. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाचचा. एकाच आईच्या पोटची आहेत यावर कुणाचा विश्वास बसत नाही. थोरली चालायला शिकली ती भिंत धरून. सांगलीच्या आमच्या घरातल्या सगळ्या भिंतींवर तिच्या हातांचे डाग होते, पण एकदा भिंत सोडली त्यानंतर ती पडली म्हणून आठवत नाही. धाकट्यानं रांगणं अर्धवट टाकलं आणि थेट पळायलाच लागला. कपाळावर कायम टेंगूळ. तिचा पहिला दात हलायला लागला तेव्हा ती कुणाला हात लावू देईना, किती दिवस एका बाजूनं चावून जेवली. ते बघून हा पठ्ठ्या आपला चांगला घट्ट दात दोरा बांधून ओढत बसला होता. दोघांना बघता बघता माझे दिवस मजेत जातात. पण थोरलीत मला मी दिसतो, त्यामुळे तिची काळजी जरा जास्त वाटते.

तुम्हाला आठवत असेल, दादाला तुम्ही काठावरून उचलून पाण्यात टाकलं होतं आणि तो खिदळत वर आला होता. मग मला टाकलंत, तर मी गेलो तळाला. तुम्ही धोतरासकट उडी मारलीत. त्यानंतर मला कधी टाकलं नाहीत. तो सगळा उन्हाळा मी पाठीला डबा बांधून खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलोय आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून वर पाण्याच्या मोटारीच्या पेटीशी खुडबुड करताय. आण्णांनी ह्याचा नाद सोडला, असं पोरं म्हणायची. मलाही तसंच वाटायचं. एक दिवस मी कशीतरी पायरी सोडली, हात मारत पलीकडची कड गाठली. तुम्ही वळून एवढंच म्हणालात, "चल, भाकरी खाऊ." त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता.

काल विहिरीवर दादा होता. फौजेतून पेन्शनवर आल्यापासून भावकीतल्या सगळ्या पोरांना तोच पोहायला शिकवतो. धाकट्यानं पोचल्या पोचल्या मुटका मारून सगळ्यांना भिजवलं, वर आला तो "पुन्यांदा मारू?" असं विचारतच. थोरली मात्र पाठीला कॅन बांधून खालच्या पायरीवर बसली, ती बसलीच. दादाला कुठला दम निघतोय!

"टाक रं तिला," तो म्हणाला. "एकदा नाकात पाणी गेलं की आपसूक हात मारंल. मला आण्णांनी आसंच शिकीवलं."

"तुला शिकीवलं. मला न्हाई."

त्यानं तिला काखेत धरून उचललीच. ती ओरडली नाही, रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. या घडीला मी गप्प बसलो तर ही पोरगी पुन्हा माझ्या भरवशावर कशातही उतरणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं. "दादा, खाली ठेव तिला," मी जरा मोठ्यानंच म्हणालो. त्याला ते लागलं. धाकट्याला घेऊन तो झाडाखाली जेवायला निघून गेला.

मग बऱ्याच वेळानं तिनं कॅनची दोरी चाचपली. "सुटणार न्हाई न्हवं?"

"न्हाई सुटत."

"मग तुम्ही तिकडं तोंड करा. बघायचं न्हाई."

मी तोंड फिरवून उभा राहिलो. आण्णा, लेकरू पाण्याशी आणि आपण पाठ करून उभं राहायचं, याच्याइतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही. तुम्ही माझा नाद सोडला नव्हता, हे मला तिथं, त्या पायरीवर कळलं. पाणी डुचमळलं, मग हात मारल्याचा आवाज, मग काहीच नाही, आणि मग पलीकडून हाक आली, "पप्पा, आता बघा!" ती समोरच्या कडेला धरून दात काढत होती. माझे डोळे भरले होते, ते तिनं पाहू नयेत म्हणून मी पाण्यात उडी मारली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगून टाकतो. मी पाठ केली होती खरी, पण हातातल्या मोबाईलचा सेल्फीचा कॅमेरा चालू करून त्यात पाठीमागं तिला बघत होतो; उडी मारायच्या आधी तो पायरीवर ठेवला. तिला हे सांगायची माझी हिंमत नाही. मला तेवढा वेळसुद्धा मोबाईलशिवाय निघाला नसता. तुम्ही तो अख्खा उन्हाळा नुसत्या कानांवर कसा काढलात, आण्णा?