पुठ्ठ्याखालचं नाव

८ नोव्हेंबर १९९८, ओलोमोउत्स

आमच्या स्वयंपाकघरातली नऊ चित्रं कुणी कोरली? मला माहीत नाही! घरातली पहिली पदवीधर, तीही कलेच्या इतिहासातली. आणि ज्या लिनोकटांकडे, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांकडे, बघत शाळेपासून सूप पितेय, ती कुणाची, हे सांगता येत नाही.

बाबांना विचारलं. "बॉयलरवरचा एक मित्र होता," म्हणाले आणि रेडिओ मोठा केला.

डिसेंबरात आमच्या संग्रहालयात नववर्षाच्या शुभेच्छाचित्रांचं प्रदर्शन आहे. माझ्या वरिष्ठ हाव्रानोव्हा बाई म्हणाल्या, "तुमचीही आण ना! पण आधी त्या फ्रेममधून काढ. तो पुठ्ठा कागद खातोय." खरंच! कडेला तपकिरी रेघ उमटलीय. मी शाळेत असताना बाबांनी ती पहिल्यांदा भिंतीवर लावली, तेव्हा बुटांची खोकी कापून, मधे खिडकी ठेवून, ते पुठ्ठे चित्रांवर बसवले होते.

९ नोव्हेंबर

बाबा : "भिंतीवर बरी आहेत ती." आई : "शिकून आली आणि आता घराच्या भिंती उघड्या करणार!"

१४ नोव्हेंबर

शनिवार. पबच्या मागच्या खोलीत संग्राहकांची अदलाबदल. बिअरचे ग्लास एका हाताला, चित्रांच्या पेट्या दुसऱ्या. म्हाताऱ्या श्टेटिनांच्या पेटीत आमचंच चित्र — धुराड्यावर बसलेला कावळा! पुठ्ठा नाही, पूर्ण कागद. आमच्याकडे जो भाग झाकलेला असतो तिथे कोरलेलं : "१९७५ सुखाचं जावो — बोहुस्लाव क्शेपेल्का."

बाबांचं नाव!

एरवी छापलेलं नाव शुभेच्छा देणाऱ्याचं, आणि चित्रकार खाली पेन्सिलीने सही करतो. इथे सहीच नाही. श्टेटिना म्हणाले, "अगं, क्शेपेल्कानेच कोरलंय. काय हात होता लेकाचा! तुझा कोण?"

"बाबा," मी म्हणाले. त्यांनी मला बिअर पाजली.

म्हणजे 'मित्र' वगैरे नुसता संकोच! बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे माझे बाबा — चित्रकार!

१७ नोव्हेंबर

हाव्रानोव्हा बाईंना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे प्रदर्शनातल्या पाटीचा मजकूर लिहिला : चित्रकार बोहुस्लाव क्शेपेल्का. मी आईला सांगितलं आणि आईने अर्ध्या गावाला. बाबांना अजून नाही. गंमत करायची आहे.

२२ नोव्हेंबर

कसली गंमत.

जेवताना आईच म्हणाली, "काय हो चित्रकार, डम्पलिंग वाढू?" बाबांनी चमचा खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून, "पोरी, मला सरळ रेघ मारता येत नाही."

कोरणाऱ्या त्या मित्राचं नाव व्हीट होर्झिनेक. कलाशाळेत शिकवायचा. अडुसष्टला रशियन रणगाडे देशात आले, त्यानंतर काढून टाकला, तो आमच्या इस्पितळाच्या बॉयलरघरात आला. चित्र छापायला बंदी. शुभेच्छाचित्राला मात्र कुणीही आपलं नाव देऊ शकतं. बाबा म्हणाले, "घे माझं." दर डिसेंबरात रात्रपाळीच्या बाकावर, कागदावर चमच्याची पाठ घासून छापलेल्या चाळीस प्रती. होर्झिनेक चौऱ्याऐंशीत गेला. मागे कुणी नाही.

"एक्क्याण्णवला संग्राहकांचं पत्र आलं, चित्रकार क्शेपेल्का आपणच का म्हणून." बाबा म्हणाले. "मी हो लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'आदरणीय महोदय' म्हटलं होतं गं."

त्याच आठवड्यात त्यांनी खोकी कापली. स्वतःचंच नाव झाकायला!

२३ नोव्हेंबर

पाटी छापून आली. सुंदर आहे. बघवत नाही.

२६ नोव्हेंबर

गप्प बसावं? बाबांचं वय सदुसष्ट. श्टेटिना पबमध्ये काय म्हणतील, शेजारीपाजारी काय म्हणतील. आणि तोंडघशी त्यांना मी पाडणार, ज्यांनी माझ्या शिक्षणासाठी जादा पाळ्या केल्या. पण गप्प बसले तर होर्झिनेक कायमचा पुसला. ज्यांनी बंदी घातली त्यांनाही एवढं नीट जमलं नसतं!

आई म्हणते, "मेलेल्या माणसाला पाटी कशाला?" तरी रात्री ती रडत होती.

संग्रहालयात नुसत्या फेऱ्या मारतेय. तीनदा बाईंच्या दारापर्यंत गेले. परत आले.

२९ नोव्हेंबर

बाबांनी सकाळी कावळा खाली उतरवला. मागचे खिळे स्वतः उपटले. पुठ्ठ्याच्या खिडकीवर बोट फिरवत विचारलं, "नाव दिसायचं तर किती मोठी कापावी लागेल?"

"आणि फ्रेम? बदलायची?" मी विचारलं.

"फ्रेम राहू दे. ती लाकडं होर्झिनेकनेच आणली होती."

२ डिसेंबर

बाईंना सगळं सांगितलं. चिडल्या. मग कावळ्याचा कागद भिंगाखाली तपासला. "सहीशिवाय कोण मानेल, राद्का? तुझ्या बाबांचं म्हणणं, एवढंच."

घरी येऊन बाबांना हे सांगितलं. चित्रांच्या मागच्या बाजूला एक निवेदन लिहू या, म्हटलं. बाबा म्हणाले, "मागे नको. झाकून झालं पुष्कळ."

४ डिसेंबर

जुनी पाटी काल मीच फाडली. चांगल्या कागदाचे नवे पुठ्ठे, मोठ्या खिडक्या, बाबांच्याच फ्रेम. आणि नऊही चित्रांखाली, आपल्या छापील नावाच्या खाली, पेन्सिलीने, त्यांच्याच अक्षरात : "कोरलं व्हीट होर्झिनेकने. मी फक्त नाव दिलं."

दुसऱ्याच्या छापचित्रावर कधीही काही लिहू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पेन्सिलीला टोक मीच करून दिलं.