मंडपाचं लाकूड

सेनगाव, १७ फेब्रुवारी

कृषी प्रदर्शन संपलं. मंडप मी बिनखिळ्याचा, लाकडी खुंट्यांवर जोडला होता, लाकूड पुन्हा वापरता यावं म्हणून. खांबांसाठी गावातल्या धुरपताबाईनं शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळी दिल्या त्या एकाच बोलीवर: नंतर खांब तिला मिळतील, शेळ्यांच्या गोठ्यासाठी. उघड्यावरच्या शेळ्या लांडगा नेतोय.

आज प्रदर्शन समितीच्या अध्यक्षांनी ते खांब हातहातभर कापायला लावले. खुंट्या काढत बसायला वेळ नव्हता म्हणे. मी काय केलं? "साहेब, थांबा" म्हणालो. एकदाच.

"शब्द पाळला ना, मावशे? ने तुझं लाकूड, भाकरी थाप!" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले.

तिनं त्यातला लांब तुकडा उभा धरून पाहिला. "सर, करडापुरता तरी गोठा व्हईल का यात?"

होणार नव्हता. तरी मी मान डोलावली.