गतविजेता घरीच बसतो

बुधवार, संध्याकाळ

आज ऑफिसात खेळांच्या वेबसाइटसाठी डेव्हिस कप या टेनिस स्पर्धेच्या सुरुवातीच्या वर्षांवर लिहिलं. त्यातला एक नियम काही डोक्यातून जाईना. आदल्या वेळी जिंकलेला देश आधीच्या फेऱ्या खेळायचाच नाही. बाकीचे देश बोटीने समुद्र ओलांडून आपसात झुंजायचे, आणि त्यातून उरलेला दमलेला संघ गतविजेत्याच्या दारात जायचा. सामनाही त्याच्याच मैदानावर.

आमचा दादाच की हा!

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी करायचं, हे ठरवायला ऑफिसातून थेट प्रभादेवीला त्याच्याकडे गेले. डॉक्टर, एक्स-रे, रांगा, आईचं रडणं, सगळं मी एकटीने निभावलेलं. हा आंघोळ करून, मानेला पावडर लावून बसलेला. म्हणाला, "गणपतीनंतर बघू गं. घाई कशाला?" भांडायला हवं होतं मी. पण त्या पावडरचा वास आला आणि दिवसभराच्या दमणुकीने मला नुसती झोपच आली. मान डोलावून निघाले. थोरल्याकडे आपणच जायचं, ही रीत कोणी घातली?

डिलाईल रोडला घरी पोचले तर आई भिंत धरून मोरीकडे निघालेली. एका हाताने तिला धरलं, दुसऱ्याने फोन लावला. नाकात अजून ती पावडरच.

"दादा, रविवारी तू इकडे ये. आईला चालताना बघ, मग सांग गणपतीनंतर म्हणून."

दोन घरांच्या मधे फक्त एक पूल.

तो म्हणाला, "एवढ्या लांब?"