ती पिशवी त्याची नव्हती

प्रिय ताई,

ज्यांची गोष्ट दुसऱ्याने उचलली आणि ज्यांचं नाव पडद्यावर कधी आलंच नाही, अशा सगळ्यांसाठी मी गेली तीस वर्षं घसा कोरडा करतोय. तू एकदा मागच्या रांगेत बसून माझं भाषण ऐकलं होतंस आणि बाहेर पडताना म्हणाली होतीस, "अरे, पुढे माईक असतो, एवढं ओरडायचं नसतं." आज माईक नाही आणि श्रोत्यांत तू एकटीच आहेस. त्यामुळे हळू बोलतो.

आमच्या लेखक संघटनेत एक तक्रार आली आहे. एका तरुण दिग्दर्शिकेचा पहिला सिनेमा तयार आहे, पुढच्या महिन्यात लागायचा आहे. एका हिंदी निर्मात्याचं म्हणणं, तिने त्याच्या जुन्या सिनेमाची गोष्ट चोरली. समितीने हो म्हटलं तर सिनेमा डब्यात जाईल आणि त्या मुलीला दुसरा सिनेमा कोणी देणार नाही. मी समितीचा अध्यक्ष, पण या प्रकरणात बाजूला झालो, कारण त्या हिंदी सिनेमाचं मूळ म्हणजे माझा पहिला सिनेमा. बस डेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवरचा कारकून आणि दर मंगळवारी आपली हत्यारांची पिशवी विचारायला येणारा म्हातारा घड्याळजी. तुला वेगळं सांगायला नको. मूळ लेखक म्हणून माझी साक्ष हवी होती. तक्रारदाराचा वकील मला फोनवर म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त सही करा, बाकीचं तुमचं भाषणच बोलेल."

सही करण्याआधी मी माझ्या सवयीप्रमाणे तक्ता घेऊन बसलो. आमची पद्धत साधी आहे. कागदाच्या मधोमध रेघ, डावीकडे मूळ सिनेमातले प्रसंग, उजवीकडे नव्यातले. जुळले की खूण. यावेळी नुसत्या कुतूहलापोटी मी मधल्या सगळ्या आवृत्त्याही पाहिल्या आणि ताई, तीन दिवस मी एकटाच हसत होतो. तुझी भावजय दोनदा दारातून डोकावून गेली.

बघ ना. आपल्या सिनेमात घड्याळजीच्या पिशवीत चिमटे आणि भिंग होतं. तमिळमध्ये गेल्यावर त्याच पिशवीत हिरे निघाले, कारकुनाला एक आजारी आई मिळाली आणि तीन मारामाऱ्या मिळाल्या. हिंदीवाल्यांनी आपला सिनेमा पाहिलाच नव्हता, त्यांनी तमिळवरून केला. तिथे कारकून म्हणजे वेष पालटलेला पोलीस अधिकारी आणि पिशवीत बॉम्ब. घड्याळजी दर आठवड्याला पिशवी विचारायला येतो आणि मध्यंतराआधीच गळतो, मग फक्त त्याचं घड्याळ उरतं, तेही बॉम्बला बांधलेलं. मग बंगालीत ती गोष्ट पुन्हा शांत झाली. पिशवीत कोणाची तरी जुनी पत्रं, आणि कारकून खिडकीत बसून ती इतकी सावकाश वाचतो की मला मध्ये चहा करून आणता आला. चौघांनी एकच गोष्ट सांगितली आणि चौघांना त्यात वेगळंच काहीतरी हवं होतं. मी व्यासपीठावरून नेहमी सांगत आलो की उसनी गोष्ट ही उष्टी गोष्ट असते. आता मला प्रश्न पडलाय की माणसं गोष्ट उसनी घेतात तेव्हा नेमकं काय घेतात? प्रसंग घेतात, की तो प्रसंग पहिल्यांदा ऐकताना त्यांना जे खटकलं होतं ते?

आणि आता पाचवी आवृत्ती, या मुलीची. तीही आपल्याच भाषेत. गोष्ट फिरून घरी आली आणि घरातल्या कोणी तिला ओळखलं नाही, कारण माझ्या सिनेमाची धड प्रत आज कुठेच मिळत नाही. त्या मुलीला मूळ सिनेमा आपल्या भाषेत होता हे तक्रार आल्यावर कळलं. लहानपणी तिने टीव्हीवर तो हिंदी सिनेमा पाहिला होता, एवढंच.

मी पेन्सिल घेऊन तिचा सिनेमा बघायला बसलो. तिच्या सिनेमात खिडकीवर बाई आहे. बरं, म्हटलं, बदल केलाय, तेवढ्याने चोरी लपत नाही. खिडकी बुटकी आहे, माणसांना वाकून बोलावं लागतं, म्हणून घड्याळजी आला की ती बाई उठून दार उघडून बाहेर येते. इथे माझी पेन्सिल थोडी थांबली. माझा सिनेमा पाहून तू एकच वाक्य बोलली होतीस, "खिडकी फार उंच झाली रे." मला वाटलं होतं, तू सेटला नावं ठेवतेस.

पुढे तो प्रसंग आला. तीन महिने रिकाम्या हाताने परत गेलेला म्हातारा पुन्हा येतो. ती बाई मागच्या फळीवरून कोण्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची पिशवी काढते, नावाची जुनी चिठ्ठी फाडते, त्याच्या नावाची नवी बांधते आणि त्याच्या पुढे ठेवते. तो उघडतो. स्क्रू ड्रायव्हर जाडे, भिंग नाही. तो चिमटा काढून उजेडात धरतो, परत ठेवतो, पिशवीची दोरी नीट बांधतो आणि म्हणतो, "हीच." दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत.

माझ्या तक्त्यात डावीकडे त्या प्रसंगासमोर काहीच नव्हतं. माझ्या सिनेमात कारकून गावभर फिरून चोर पकडतो आणि खरी पिशवी परत आणतो, लोक टाळ्या वाजवतात. हा प्रसंग कुठल्याच सिनेमात नाही, ताई. तो डेपोत तुझ्या खिडकीवर घडला होता आणि फक्त आपल्या घरात सांगितला गेला होता, तू कपड्यांना इस्त्री करत होतीस आणि मी टेबलावर पाय टाकून ऐकत होतो तेव्हा.

मला पहिल्यांदा तुझाच राग आला. वाटलं, तू त्या मुलीला भेटलीस आणि मला सांगितलंही नाहीस. मी तिला घरी बोलावलं. आली, खुर्चीच्या टोकावर बसली, चहाला हात लावेना. मी सरळ विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "काका, सांगायला कशाला हवं? त्या हिंदी कारकुनावर माझा विश्वासच बसला नव्हता. दर आठवड्याला माणसाला नाही म्हणायचं आणि घरी जाऊन जेवायचं, हे जिला जमत नाही, ती काय करेल? तिच्या हातात फळीवरची पिशवीच आहे ना." मग जरा धीर आला तेव्हा म्हणाली, "तुम्ही एवढे मोठे लेखक, तुम्हाला नाही सुचलं?"

मला सुचायची गरज नव्हती, मला माहीत होतं. मी ते काढून टाकलं. निर्माता म्हणाला, नायक खोटं बोलत नाही, आणि खिडकीवर बाई असेल तर सिनेमा चालायचा नाही. मी दोन्ही ऐकलं. चौदा महिने मी त्या गोष्टीत खपलो हे खरं, पण ती तू जगलेली होती. त्या मुलीने चार खोट्यांच्या पलीकडे जाऊन नुसता विचार करून ती शोधली. मग चोर कोण, हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला. त्याचं उत्तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. "कथा" आणि त्याखाली माझं नाव.

तेव्हा माझ्याकडे कारण होतं. रेडिओवाला त्याची पिशवी मागायला आला, तुझी चौकशी लागली, आणि मी तुला म्हणालो की सिनेमात तुझं नाव दिलं तर तुझी नोकरी जाईल. तू मान हलवलीस. चौकशीत तू एवढंच म्हणालीस की माझ्याकडून चूक झाली. खिडकी काढून घेऊन त्यांनी तुला तिकिटं मोजायच्या खोलीत बसवलं, तिथे तू एकवीस वर्षं काढलीस. तुला निवृत्त होऊनही आता नऊ वर्षं झाली. ते कारण कधीच संपलं होतं. मी मात्र तुझ्या गोष्टीवर मिळालेल्या नावाने सभा गाजवत राहिलो. आणि मी तुला कधी विचारलंही नाही की त्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं का, की पिशवी त्याची नाही हे तुला ठाऊक आहे. पुढे तो आला का पुन्हा? त्या जाड्या हत्यारांनी त्याला काम जमलं का? एवढं बोलणारा माणूस मी, मला हे विचारता आलं नाही.

परवा मी समितीला लेखी दिलं की ती कथा माझी नाही, माझ्या बहिणीची आहे, आणि पुढच्या सिनेमांसाठी जी परवानगी मी विकली ती द्यायचा हक्क माझा नव्हताच. अध्यक्षपदाचा राजीनामाही सोबत दिला. खजिनदार हसला. "अध्यक्ष, मुलगी आवडली म्हणून एकदम बहीणच आणलीत?" वकील म्हणाला, कागदावरच्या बहिणीला समिती ओळखत नाही, ती समोर येऊन बोलली तर बघू. त्याचं बरोबर आहे. मी तुझ्या वतीने एकदा बोललो आणि काय झालं ते तू पाहिलंस.

मला माहीत आहे, बोलायचं म्हणजे खोटी चिठ्ठी तू बांधलीस हे चार अनोळखी माणसांसमोर सांगावं लागेल, आणि ते तू त्या चौकशीतही सांगितलं नव्हतंस. त्या मुलीला ती गोष्ट द्यायची की नाही, हे तू ठरव. नाही म्हणालीस तरी मी तुझ्या बाजूने उभा राहीन, मग तिचा सिनेमा थांबला तरी. पण तो नकार तुझ्या तोंडून यायला हवा. तुझा भाचा गाडीने सोडायला तयार आहे, मी त्याच्याशी बोललोय. सोमवारी सकाळी अकरा वाजता संघटनेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ये, आणि त्यांना सांग की गोष्ट कुणाची आहे.

तुझाच,
धाकटा